काकीने बदाम दाबला आणि तिला वाटलं परकर घेतला

मागच्या श्रावणातली गोष्ट. आमच्याकडे मालवण तालुक्यात श्रावण लागला की घराघरात एकच विषय, मुंबईवरून कोण कधी येणार, गाडीची तिकिटं कन्फर्म झाली का, माटवीला (गणपतीच्या डोक्यावरची चौकट) काय काय बांधायचं आणि पोरांना चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, नवीन कपडे कुठून घ्यायचे. पूर्वी कपडे म्हटले की कुडाळ नाहीतर सावंतवाडीच्या बाजारात एक चक्कर व्हायचीच, आता निम्मी खरेदी फोनवर होते. शेजारच्या काकीला नातीसाठी परकर-पोलकं घ्यायचं होतं. आत रेंज येत नाही म्हणून आम्ही पडवीत बसलो होतो, बाहेर पाऊस, काकीच्या हातात फोन आणि मी बाजूला वही घेऊन गप्प.

बराच वेळ वरखाली करून तिला एक हिरवा परकर आवडला, सोनेरी काठाचा. फोटोच्या कोपऱ्यात बारीकसा बदाम, म्हणजे हृदयाचं चिन्ह, होता. तिने बदामावर बोट ठेवलं, तो लाल झाला, फोन जरासा थरथरला. काकीने फोन खाली ठेवला आणि म्हणाली, "झाला गो, घेतलंय." आणि कुकर बघायला आत निघाली. मी विचारलं, पैसे? तर म्हणाली, "पैशे घराक इल्यावर देवचे असतत ना!"

बघा, तिच्या बाजूने सगळं बरोबर आहे. वस्तू आवडली, चिन्ह दाबलं, ते लाल झालं, फोनने होकार दिला, पैसे तर पार्सल आल्यावरच द्यायचे असतात, मग अजून काय राहिलं? प्रत्यक्षात ऑर्डर गेलीच नव्हती, परकर नुसता आवडीच्या यादीत जाऊन पडला होता. मी ते सांगितलं तेव्हा तिचा चेहरा उतरला आणि म्हणाली, "माकाच कळना नाय गो."

हे वाक्य मी गेली दहा वर्षं ऐकतेय आणि दर वेळी मला तितकाच त्रास होतो. आधी पुण्यातून आणि आता गावातून माझं काम हेच, एखादी वेबसाईट किंवा ॲप माणसांना वापरायला किती जमतं ते तपासायचं. त्या दिवशी मी कपडे विकणाऱ्या एका साईटची तपासणी करत होते (नाव सांगत नाही, सांगायची गरजही नाही, हा घोळ सगळीकडे सापडतो). काकी बचत गटाचा हिशोब बिनचूक ठेवते, आंब्याच्या पेट्यांचे पैसे कुणाकडून किती यायचेत ते तिला तोंडपाठ असतं. तिला कळत नाही हे मी मान्यच करत नाही. कळेल असं बनवलं नव्हतं, एवढंच खरं. आणि हे नुसतं मत म्हणून नाही तर पुराव्यानिशी कसं दाखवायचं, त्याची पद्धत काय, ते आज जरा निवांत सांगते.

याला म्हणतात युजेबिलिटी, मराठीत आपण वापरसुलभता म्हणू. आता "साईट मस्त आहे", "साईट बेकार आहे" असं कुणीही म्हणेल, त्याने काम होत नाही, म्हणून याची एक आंतरराष्ट्रीय व्याख्या आहे, आयएसओ ९२४१ या मानकाचा ११ वा भाग, पहिल्यांदा १९९८ मध्ये आला आणि २०१८ मध्ये सुधारला. त्यात तीन गोष्टी बघतात. काम पूर्ण झालं का, ते करायला किती वेळ आणि मेहनत लागली, आणि करणाऱ्याला बरं वाटलं का. पण माझ्या मते व्याख्येतला सगळ्यात महत्त्वाचा भाग वेगळाच आहे. त्यात म्हटलंय की हे सगळं ठरावीक माणसांसाठी, ठरावीक कामासाठी आणि ठरावीक परिस्थितीत मोजायचं. म्हणजे "ही साईट वापरायला सोपी आहे" हे वाक्यच अर्धवट आहे. कुणाला सोपी? कशासाठी? कुठे बसून? बेंगळुरूच्या ऑफिसात वायफायवर नवीन फोन घेऊन बसलेल्या पोराला सोपी असलेली साईट आमच्या पडवीत, पावसात, रेंजचा एकच दांडा असताना, चष्मा आत राहिलेला असताना सोपी असेलच असं नाही. काकीचं तीनही बाबतीत बघा. वेळ गेला, पण समाधान झालं, फक्त काम झालंच नव्हतं. आणि काम झालं नसताना झालंय असं वाटणं हा आमच्या धंद्यातला सगळ्यात वाईट निकाल, कारण अशी व्यक्ती तक्रार पण करत नाही, ती पार्सलची वाट बघत बसते.

अजून एक गोष्ट. कंपनीच्या कॉम्प्युटरवर जे आकडे दिसतात त्यात काकी कशी दिसली असेल? "ग्राहकाने वस्तू विशलिस्टमध्ये (आवडीच्या यादीत) टाकली." म्हणजे चांगली बातमी! कुठल्या पानावर किती लोक आले, किती गेले, हे आकडे लागतातच, मी ते रोज बघते, पण लोक कुठे गळाले एवढंच त्यातून कळतं, का गळाले ते माणसाच्या शेजारी बसल्याशिवाय कळत नाही.

कपड्यांच्या साईटीत हा विषय किती महागात पडतो त्याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण म्हणजे बू डॉट कॉम. लंडनची कंपनी, ब्रँडेड कपडे ऑनलाईन विकायला नोव्हेंबर १९९९ मध्ये साईट सुरू केली, ती पण एकदम १८ देशांत. कपडा चारी बाजूंनी फिरवून बघायचा, पुतळ्याला घालून बघायचा, आणि सोबत मिस बू नावाची एक कार्टून मुलगी सल्ला द्यायला. आज ऐकताना काही विशेष वाटत नाही, पण तेव्हा बहुतेक घरांत फोनच्या तारेवर चालणारं मोडेम होतं, सेकंदाला फार तर ५६ किलोबिटचं. पान उघडेपर्यंत माणूस कंटाळून जायचा. मे २००० मध्ये, म्हणजे जेमतेम सहा महिन्यांत, कंपनी बंद पडली, तोपर्यंत सुमारे १३ कोटी ५० लाख डॉलर संपले होते. पैसा बेहिशेबी उधळला, एकदम इतक्या देशांत उडी घेतली, अशी बरीच कारणं होती, सगळा दोष साईटला देणं बरोबर नाही. पण ग्राहकाच्या घरात काय आहे ते न बघता आपल्याला काय दाखवायचंय ते बनवलं, ही चूक मात्र तिथे स्पष्ट दिसते.

आपल्याकडचं पण एक आहे. मे २०१५ मध्ये कपडे विकणाऱ्या मिंत्राने वेबसाईट बंद करून फक्त ॲपवर धंदा करायचं ठरवलं. पण पुढे आधी मोबाईल साईट आणि मग जून २०१६ मध्ये कॉम्प्युटरची साईट परत सुरू करावी लागली. लोक कुठल्या पडद्यावर खरेदी करणार हे कंपनीने ठरवून ठरत नाही.

आता तपासायचं कसं? ढोबळमानाने दोन रस्ते आहेत. एक म्हणजे जाणकार माणसाने स्वतः बसून नियमांच्या कसोटीवर साईट तपासायची, दुसरा म्हणजे खऱ्या वापरणाऱ्या माणसांना काम देऊन बघायचं.

पहिली पद्धत याकोब नील्सन आणि रोल्फ मोलिश या दोघा अभ्यासकांनी १९९० मध्ये मांडली, आणि नील्सनने १९९४ मध्ये तिचे दहा नियम पक्के केले, तेच अजून जगभर वापरतात. दहाच्या दहा इथे मांडत नाही. काकीच्या बाबतीत जे मोडले तेवढे बघू. पहिलाच नियम असा की आत काय चाललंय ते माणसाला सतत कळलं पाहिजे. बदाम लाल झाला, म्हणजे "काहीतरी झालं" हे कळलं, पण काय झालं? कळलं नाही. दुसरा नियम, साईटने वापरणाऱ्याच्या भाषेत बोलावं, स्वतःच्या नाही. इथे तर आनंदच होता.

काकीने सुरुवातीला सर्चमध्ये माईक दाबून "परकर पोलकं" म्हटलं. मराठीत अक्षरं उमटली, आणि खाली "काही सापडलं नाही". मग तिने इंग्रजी अक्षरात परकर टाईप केलं, तर साईटने स्वतःच स्पेलिंग सुधारून पार्का दाखवले, म्हणजे थंडीतली टोपीवाली जाडजूड जॅकेटं. ऑगस्टमध्ये, मालवणात! तिला वाटलं आपलं टायपिंग चुकलं. मग ती लहान मुलींच्या विभागात गेली, तिथे परकर-पोलकं होतं पण "एथनिक लेहंगा चोली सेट" या नावाखाली. वस्तू दुकानात आहे, गिऱ्हाईक दुकानात आहे आणि दोघांची गाठ पडत नाही कारण कपाटावर चिठ्ठी वेगळी लावलीय. कुडाळच्या दुकानात तुम्ही परकर-पोलकं म्हटलंत की दुकानदार खालून गठ्ठा काढून समोर टाकतो, लेहंग्याचा शब्द मध्ये येत नाही.

यावर एक सोपा उपाय आहे, त्याला कार्ड सॉर्टिंग म्हणतात. मी नंतर तो इथेच केला. तीस कपड्यांचे फोटो छापून चिठ्ठ्या केल्या, पाऊस उघडला होता तेव्हा खळ्यात पसरल्या आणि बायकांना सांगितलं, तुम्हाला वाटतात तसे ढीग करा आणि ढिगाला नाव द्या. साईटचे विभाग होते टॉप्स, बॉटम्स, एथनिक, वेस्टर्न. यांचे ढीग झाले चवथीचे, लग्नाला नेसायचे, रोजचे, कॉलेजचे. एका वहिनीने वेगळाच ढीग केला, "धुवून लगेच सुकणारे". इथल्या पावसात चार चार दिवस कपडे दोरीवर ओलेच असतात, त्यामुळे तिच्यासाठी तो खरा विभाग आहे. कापड लवकर सुकतं का, हा फिल्टर मला आजपर्यंत कुठल्याही साईटवर दिसलेला नाही, आणि असायला हवा असं मला मनापासून वाटतं.

दुसरा रस्ता म्हणजे माणसांना बसवून चाचणी. यात सगळं काम कसं देता यावर अवलंबून असतं. "विशलिस्ट न वापरता कार्टमध्ये वस्तू टाका आणि चेकआऊट करा" असं सांगितलं की चाचणी तिथेच संपली, कारण तुम्ही बटणावरचे शब्दच सांगून टाकलेत, माणूस फक्त ते शब्द शोधतो. त्यापेक्षा असं सांगायचं की "तुमची नात पाच वर्षांची आहे, तिला चवथीच्या आधी हातात पडेल असं परकर-पोलकं हजार रुपयांच्या आत घ्या." मग गप्प बसायचं. आणि त्यांना सांगायचं की मनात जे येतंय ते मोठ्याने बोलत रहा. "आता ह्या खयसून इला?" असं काकी म्हणाली तेव्हा मला कळलं की मध्येच उगवलेली ऑफरची खिडकी तिने बोलावली नव्हती. "कापाड कसला ता कळना नाय" म्हणाली तेव्हा ती फोटो दोन बोटांनी मोठा करायचा प्रयत्न करत होती आणि तो मोठा होत नव्हता. दुकानात आपण पहिलं काय करतो, कापड अंगठा आणि बोटात धरून चोळतो, उलटं करून शिवण बघतो, अस्तर आहे का बघतो. फोनवर ते जमत नाही म्हणून फोटोनेच ते काम केलं पाहिजे, जवळून काढलेला विणीचा फोटो, आतली बाजू, काठ किती बोटं रुंद, एवढं तरी.

गप्प बसणं सगळ्यात कठीण. माणूस अडकलाय हे दिसतंय, आपलं बोट शिवशिवतंय, पण एकदा का तुम्ही "अगो, खाली बघ" म्हटलंत की पुढे तुम्ही जे बघताय तो तुमचा वापर आहे, तिचा नाही. ती मला विचारते, "आता काय करूचा?" तर मी म्हणते, मी इथे नसते तर तू काय केलं असतंस? सुरुवातीला लोकांना हे उद्धट वाटतं, म्हणून आधीच सांगून ठेवायचं की परीक्षा साईटची आहे, तुमची नाही, तुम्ही जितक्या अडकाल तितकं माझं काम चांगलं होणार.

किती माणसं लागतात हा प्रश्न हमखास येतो. लोकांना वाटतं हजारभर लागत असतील. नील्सन आणि टॉम लँडाउर यांनी १९९३ मध्ये याचं गणित मांडलं होतं. त्यांच्या हिशोबात एका माणसाकडून सरासरी ३१ टक्के अडचणी सापडतात. दुसरा माणूस बसवला की त्यातल्या बऱ्याच तुम्हाला आधीच माहीत असलेल्या निघतात, नवीन थोड्या मिळतात, तिसऱ्याला अजून कमी. असं करत पाच जणांपर्यंत साधारण ८५ टक्के अडचणी हाती लागतात. म्हणून पाच माणसं हा आकडा या धंद्यात म्हणीसारखा झालाय. पण त्यावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. लॉरा फॉकनर या अभ्यासिकेने २००३ मध्ये ६० जणांची चाचणी घेऊन त्यातून पाच पाच जणांचे गट काढून बघितले, तर कुठल्या गटाला ९९ टक्के अडचणी सापडल्या आणि कुठल्या गटाला फक्त ५५. म्हणजे कोणते पाच, हे महत्त्वाचं. मी पाचही जणी एकाच वाडीतल्या, एकाच वयाच्या घेतल्या असत्या तर मला एकच गोष्ट पाच वेळा कळली असती. म्हणून मी काकी घेतली, राहायला खोल्या भाड्याने देणारी एक वहिनी, कणकवलीला कॉलेजला जाणारी मुलगी, मासळी बाजारात बसणारी एक मावशी, आणि एक रिक्षावाले दादा जे बायकोसाठी साडी घेणार होते. आणि पाचांची चाचणी, मग दुरुस्ती, मग परत वेगळ्या पाचांची, असं केलं तर एकदम पंधरा बसवण्यापेक्षा त्याचा फायदा जास्त.

कपड्यांच्या साईटचा खरा किचकट भाग म्हणजे माप. पुस्तक किंवा मिक्सर घेताना हा प्रश्नच येत नाही. काकीने काय केलं, आतून नातीचा जुना परकर आणला, पडवीत जमिनीवर सपाट पसरला आणि शिवणकामाच्या टेपने मोजला, कमरेपासून घोळापर्यंत २४ इंच. मग साईटचा तक्ता उघडला. त्यात लिहिलं होतं ५-६ वर्षं, छाती इतके सेंटीमीटर, उंची इतके सेंटीमीटर. इथे दोन वेगळ्या गोष्टींचा घोळ आहे आणि तो मी बऱ्याच ठिकाणी बघितलाय. एक माप असतं अंगाचं आणि एक असतं तयार कपड्याचं. काकीच्या हातात कपड्याचं माप होतं, तक्ता अंगाचा होता, आणि कुठला कशाचा हे तक्त्यावर लिहिलेलंच नव्हतं. वर सेंटीमीटर, आणि तक्ता म्हणजे एक फोटो होता जो मोठा होत नव्हता. तिने शेवटी अंदाजाने एक माप वरचं घेतलं, "वाढत्या अंगाचा बरा" म्हणून. हे शहाणपण तिचं, साईटचं नाही. आपल्या देशात मुळात मापांचा एकच असा मेळ नाही, कुणाचं एम कुणाच्या एलएवढं, म्हणून तर निफ्ट या सरकारी फॅशन संस्थेने इंडियासाईझ नावाचा प्रकल्प हाती घेतला, सहा शहरांत २५ हजारांवर लोकांची मापं स्कॅनरने घ्यायची आणि त्यावरून भारतीय अंगाचा तक्ता बनवायचा. तो तक्ता रुळेपर्यंत साईटने निदान कपड्याचं माप इंचात द्यावं, सोबत टेप कुठून कुठे धरायची त्याचं चित्र द्यावं, यात काही मोठं तंत्रज्ञान लागत नाही.

मग पत्ता. इथे आमचे पाचही जण अडकले. फॉर्ममध्ये पहिलाच रकाना, फ्लॅट नंबर आणि बिल्डिंगचं नाव, भरल्याशिवाय पुढे जाता येत नाही. "फ्लॅट? आमचा घर आसा," मावशी म्हणाली. आमच्याकडचा पत्ता म्हणजे वाडीचं नाव, मग मुक्काम पोस्ट, तालुका, जिल्हा, आणि खूण, शाळेच्या मागे नाहीतर देवळाकडून खाली उतरल्यावर. रिक्षावाल्या दादांनी शेवटी फ्लॅट नंबरमध्ये १ टाकला आणि बिल्डिंगमध्ये स्वतःचं आडनाव. दुसरं म्हणजे पिनकोड टाकला की साईट गावाचं नाव आपोआप भरते आणि बदलू देत नाही. पिनकोड हे पोस्टाच्या सोयीसाठी १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाले, श्रीराम भिकाजी वेलणकर या आपल्या मराठी माणसाने ती पद्धत आणली, आणि ते सहा आकडे पोस्ट ऑफिस ओळखतात, घर नाही. एका पिनकोडमध्ये कितीतरी वाड्या आणि गावं येतात. साईटने त्यातलं एकच नाव पकडून ठेवलं तर कुरिअरवाला शेजारच्या गावात फिरत बसतो आणि मग "पत्ता सापडला नाही" म्हणून पार्सल परत.

ओटीपीचं तर सांगूच नये. काकीच्या फोनवरचं खातं मुलाने मुंबईवरून उघडून दिलेलं, नंबर त्याचा. ओटीपी गेला त्याच्याकडे, तो लोकलमध्ये, फोन उचलेना. तीस सेकंदांची उलटी मोजणी चालू. त्याने फोन केला तोवर पान पहिल्यापासून सुरू झालं होतं आणि पत्ता परत भरायचा होता. वर फॉर्मची करड्या रंगातली बारीक अक्षरं पडवीच्या उजेडात वाचताच येईनात. यालाही ठरलेली मापं आहेत, अक्षर आणि मागचा रंग यांच्या उजळपणात निदान ४.५ ला १ एवढा फरक हवा, आणि बोटाने दाबायचं बटण ॲपलच्या सल्ल्याप्रमाणे ४४ पॉइंट, अँड्रॉइडच्या सल्ल्याप्रमाणे ४८ डीपी (दोन्ही पडद्यावरची मापं), म्हणजे साधारण ९ मिलिमीटर. तो बदाम आणि बॅगेचं चिन्ह एकमेकांना चिकटून होते.

चाचणी झाली की मी एक छोटा प्रश्नसंच देते, सस (सिस्टीम युजेबिलिटी स्केल) नावाचा, १९८६ मध्ये जॉन ब्रुक यांनी बनवलेला. दहा विधानं, प्रत्येकाला १ ते ५ गुण, एक विधान कौतुकाचं तर पुढचं तक्रारीचं. कौतुकाच्या विधानातून १ वजा करायचा, तक्रारीचे गुण ५ मधून वजा करायचे, सगळ्याची बेरीज करून अडीचने गुणायचं, ० ते १०० मध्ये आकडा येतो. ते टक्के नाहीत हे लक्षात ठेवा, साधारण सरासरी ६८ मानतात. मी हे मराठीत तोंडी विचारते. इथे एक अडचण कायम येते, आपली माणसं भिडस्त आहेत, घरी आलेल्या मुलीसमोर तिच्या कामाला नावं ठेवायची नाहीत म्हणून चांगले गुण देतात. ज्या मावशीला पत्ता भरताच आला नव्हता तिनेही भरभरून गुण दिले. म्हणून मी डोळ्यांनी बघितलेल्यावर जास्त भरवसा ठेवते.

आणि एक गोष्ट वेगळी काढून सांगायला हवी. काही अडचणी चुकून राहिलेल्या असतात आणि काही मुद्दाम ठेवलेल्या असतात. "फक्त २ शिल्लक" अशी खोटी घाई, बिलात आपोआप घुसलेली देणगी किंवा विमा, शेवटच्या पानावर वाढलेली किंमत. याला डार्क पॅटर्न म्हणतात आणि आपल्या केंद्र सरकारने ३० नोव्हेंबर २०२३ ला अशा १३ प्रकारांवर बंदी घालणारी मार्गदर्शक तत्त्वं काढलीत. असं काही झालं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा १९१५ हा नंबर आहे, तक्रार करा, गप्प बसू नका.

सापडलेल्या सगळ्या अडचणी एकाच तराजूत घालायच्या नसतात. शून्य ते चार असे गुण देतात, शून्य म्हणजे अडचणच नाही आणि चार म्हणजे हे दुरुस्त केल्याशिवाय साईट चालू ठेवू नका. किती जणांना होते, झाल्यावर किती अडतं, आणि एकदा कळल्यावर पुढच्या वेळी सुटते का, यावर गुण ठरतात. पार्काला मी दोन दिले, मापाच्या तक्त्याला तीन, पत्त्याला चार, बदामाला चार. कंपनीतल्या मंडळींना आधी बदामाचं पटलं नाही, म्हणाले ते चिन्ह सगळ्यांना माहिती असतं. मग मी काकीच्या परवानगीने काढलेला चाळीस सेकंदांचा व्हिडिओ लावला, ज्यात ती फोन खाली ठेवते आणि कुकर बघायला जाते. खोलीत कुणी काही बोललं नाही, आणि त्याच आठवड्यात काम सुरू झालं.

परकर त्या वर्षी शेवटी कुडाळवरूनच आला, कारण मुलाचा ओटीपी मिळून सगळं झाल्यावर कळलं की पार्सल चवथीनंतर चार दिवसांनी पोचणार. ही तारीख पहिल्या पानावर पिनकोड विचारून सांगता आली असती.

यंदा मी काकीला तीच साईट परत दिली. बदाम दाबल्यावर आता खाली मराठीत ओळ येते, "आवडीत ठेवलं आहे, अजून मागवलेलं नाही", आणि बाजूला बॅगेत टाकायचं मोठं बटण. काकीने ओळ मोठ्याने वाचली, बटण दाबलं, फ्लॅट नंबरचा रकाना रिकामा सोडून पुढे गेली, काही अडलं नाही. मग मला विचारलं, "चवथीक येतला मा?" मी गप्प बसले. तिने पान वरखाली करून बघितलं, तारीख अजूनही पैशाच्या पानानंतरच येते. तिने फोन ठेवला आणि कुडाळच्या दुकानदाराचा नंबर लावला. वहीत मी परत चार लिहिले.